१ एप्रिललाच नवी ईआरपी सुरू करण्याचा अट्टहास कशासाठी?

धागालेखक (उत्पादन व्यवस्थापक, भोसरी)

लघुउद्योजकांमध्ये सध्या एक लेखन फिरत आहे. त्यातील सल्ला असा की, ३१ मार्चच्या रात्री टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि एक्सेल बंद करावे, १ एप्रिलला खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब हे सारे विभाग एकदम नव्या ईआरपीवर, म्हणजे सर्व विभागांचे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीवर, आणावेत आणि ‘काही दिवस दोन्ही चालवू’ म्हणणाऱ्यांना बदलाचे विरोधक समजावे. हे वाचून मला मनापासून संताप आला. मार्चमध्ये कारखान्यात वर्षअखेरीचा माल बाहेर काढण्याची घाई असते, स्टॉकची मोजणी असते, अडकलेली येणी वसूल करायची असतात; आणि नेमक्या त्याच माणसांनी रात्री बसून हजारो आयटम कोड तपासावेत, अशी अपेक्षा ठेवली जाते. शिवाय ३१ मार्चच्या अखेरच्या शिलका १ एप्रिलला कोणाकडे तयार असतात? लेखापरीक्षण सप्टेंबरपर्यंत चालते, म्हणजे सुरुवातीच्या शिलका पुढे बदलणारच.

हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने ४८ महिन्यांचे सुचवलेले काम ३० महिन्यांत बसवले आणि तीन प्रणाली जुलै १९९९ मध्ये एकत्र सुरू केल्या. त्या हॅलोविनच्या (ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या) हंगामात गोदामात माल असूनही १० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर तिला पुरवता आल्या नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीची ही अवस्था होते, तर आपल्यासारख्यांनी कोणत्या बळावर उडी घ्यावी?

अंमलबजावणी सल्लागार, पुणे

आपला राग समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. दोन प्रणाली समांतर चालवल्या की माणसे सवयीची वही मनापासून भरतात आणि नवी सवडीने भरतात. महिनाअखेरीस आकडे जुळत नाहीत आणि दोष नव्या प्रणालीला दिला जातो. टप्प्याटप्प्याने जायचे म्हटले तरी स्टोअर ईआरपीत आणि हिशेब टॅलीत, अशी स्थिती येते. मग प्रत्येक आवक नोंद दोनदा करावी लागते. हर्शीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. तिचे काम एप्रिलमध्ये सुरू व्हायचे होते, ते लांबले आणि ऐन हंगामाच्या तोंडावर आले. तारीख पाळली नाही, म्हणून ती अडचणीत आली.

लेखापाल, कोल्हापूर

तारखेचा हा आग्रह हिशेब विभागाच्या नावावर खपवला जातो, परंतु आम्हाला कोणी विचारलेले नसते. बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असावा, एवढेच जीएसटीचा नियम ४६ सांगतो आणि एकाहून अधिक मालिकांना तो मुभा देतो. वेगळा उपसर्ग लावून १ जुलैला किंवा १ ऑक्टोबरला नवी मालिका सुरू करता येते. खरी अडचण निराळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येत नाही. पहिल्या महिन्यात घाईने केलेल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या कायमच्या कोरल्या जातात. लेखापरीक्षक त्यांचा खुलासा आमच्याकडे मागतो, तेव्हा सल्लागार दुसऱ्या कंपनीत पोहोचलेले असतात.

स्टोअर प्रमुख, चाकण

येथे तारखांवरच वाद चालला आहे, जॉबवर्कबद्दल, म्हणजे प्रक्रियेसाठी बाहेर दिलेल्या मालाबद्दल, मात्र कोणी बोलत नाही. आमचा निम्मा माल कोणत्याही वेळी प्लेटिंगवाल्याकडे (धातूचा मुलामा देणाऱ्याकडे) किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला असतो. तो जातो नगांवर, परत येतो किलोवर, आणि त्यातील काही नग नाकारले जाऊन पुन्हा तिकडेच जातात. आमच्याकडे ईआरपी सुरू झाली त्या दिवशी बाहेरचा माल सुरुवातीच्या स्टॉकमध्ये धरलाच नव्हता. माल परत आला तेव्हा ‘कोणत्या चलानावर?’ असे प्रणाली विचारू लागली आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

उद्योजक, अंबड, नाशिक

हा दोष प्रणालीचा नाही, शिस्तीचा आहे. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. ही वही आपल्याकडे आधीपासूनच नीट असायला हवी होती.

स्टोअर प्रमुख, चाकण

शिस्त आम्हाला शिकवू नका. आमच्या वहीत प्रत्येक चलान होते. ते प्रणालीत उतरवायला वेळ दिला गेला नाही. त्यावर सल्लागारांनी निगेटिव्ह स्टॉकला, म्हणजे प्रणालीत शिल्लक नसलेला माल बाहेर काढण्याला, बंदी घातली. माल डोळ्यांसमोर रॅकवर आहे, गाडी फाटकाशी उभी आहे, ग्राहकाचा माणूस फोनवर ओरडतो आहे आणि संगणक सांगतो की स्टॉक शून्य आहे. अशा वेळी माणूस खोटी आवक टाकून बिल काढतो. ते पाप कोणाचे?

अंमलबजावणी सल्लागार, पुणे

निगेटिव्ह स्टॉकला मुभा दिली तर मालाच्या किमतीचा हिशेब कोसळतो, कारण जो माल प्रणालीत आलाच नाही त्याचा दर ती कोठून आणणार? ही बंदी असलीच पाहिजे. प्रत्येक स्टोअरची सवय सांभाळत बसलो तर लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीसारखे होते. खरेदी किमतीवर स्टॉक मोजण्याची आपली पद्धत त्या कंपनीने सोडली नाही, तिच्यासाठी सॅप या ईआरपीमध्ये बदल करून घेतले आणि २०११ मध्ये सुरू केलेला प्रकल्प २०१८ मध्ये सोडून दिला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाले होते.

धागालेखक

नग आणि किलो ही सवय नाही, तो प्लेटिंगचा व्यवहार आहे. एम ६ बोल्टचा नगामागचा भार प्लेटिंगनंतर किंचित वाढतो, त्यामुळे रूपांतराचा दर प्रत्येक प्रक्रियेनंतर वेगळा धरावा लागतो. हे स्टोअरमध्ये वजनकाट्यापाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्या आराखड्यात त्यासाठी एक दिवससुद्धा राखलेला नसतो. बंदी जरूर ठेवा, पण बाहेरच्या मालाची प्रत्यक्ष मोजणी होऊन जॉबवर्कवाल्यांच्या सह्या आल्यानंतरच ती लागू करा.

उद्योजक, अंबड, नाशिक

सह्या कोण देतो? माझा एक प्लेटिंगवाला तीन महिने शिल्लक कळवत नाही. त्याच्यावाचून माझे काम अडते, म्हणून मी गप्प बसतो. त्याच्या सहीसाठी थांबलो तर माझी ईआरपी कधीच सुरू होणार नाही.

लेखापाल, कोल्हापूर

मग तो फरक आज ना उद्या माझ्या ताळेबंदात येणारच आहे. मालकाने आजच तोंड उघडावे, एवढीच विनंती.

अंमलबजावणी सल्लागार, पुणे

जॉबवर्कची शिल्लक जुळल्याशिवाय स्टोअर सुरू करू नये, एवढे मी मान्य करतो, जरी त्यासाठी माझ्या आराखड्यातले अनेक आठवडे जाणार असले तरी. समांतर चालवण्यास मात्र माझा विरोध कायम आहे.

धागालेखक

समांतर चालवणे एका महिनाअखेरीपुरते आणि फक्त विक्री व स्टॉक यांपुरते ठेवा, मी त्याहून अधिक मागत नाही. तारीख मात्र जुलैच्या आधीची मी मानणार नाही, आणि ती जाहीर करण्यापूर्वी स्टोअर प्रमुखाची लेखी संमती घ्यावी, ही माझी अट कायम आहे.

स्टोअर प्रमुख, चाकण

संमती देण्यापूर्वी मी दहा आयटम स्वतः निवडीन, त्यांतील निदान चार प्लेटिंगला गेलेले असतील, आणि त्यांचा रॅकवरचा व बाहेरचा स्टॉक सल्लागारांनी माझ्यासमोर प्रणालीत दाखवावा.