भुंगेऱ्यांचा निम्मा जीनोम म्हणजे अडगळ? मला नाही पटत

ढालपंख
मीलवर्म ज्याची अळी असते तो भुंगेरा, टेनेब्रिओ मॉलिटर. याच्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, निम्मा किंवा थोडा जास्तच भाग फक्त १४२ अक्षरांच्या (डीएनएच्या बेस-जोड्यांच्या) एका तुकड्याने भरलाय, तोच तुकडा एकामागे एक लाखो वेळा, सगळ्या क्रोमोसोमवर सेंट्रोमिअरच्या (पेशीविभाजनात क्रोमोसोम जिथे धरून ओढला जातो त्या जागेच्या) आसपास. याला सॅटेलाइट डीएनए म्हणतात. आणि हा काही एकटाच नाही, पिठातला तांबडा भुंगेरा ट्रायबोलियम कॅस्टेनियम घ्या, त्याच्यात ३६० अक्षरांचा टीकास्ट नावाचा सॅटेलाइट, जीनोमच्या १७ ते ३५ टक्के (मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो).
आता हे सगळं जंक आहे म्हणून हात झटकणं मला आळशीपणा वाटतो. दर पेशीविभाजनाला एवढं सगळं कॉपी करायचं, गुंडाळून ठेवायचं, आणि उपयोग शून्य?

शंकेखोर
अहो पण "एवढं आहे म्हणजे उपयोग असणारच" हा पुरावा नाही हो, ही नुसती इच्छा झाली. १९८० मध्येच ऑर्गेल आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी, आणि स्वतंत्रपणे डूलिटल-सपिएन्झा यांनीही, हेच मांडलं की डीएनए स्वतःच्या प्रती वाढवू शकत असेल तर त्याला टिकायला प्राण्याच्या उपयोगी पडायची गरजच नाही. असमान क्रॉसिंग ओव्हर झालं, म्हणजे जोडीतल्या क्रोमोसोमनी तुकड्यांची अदलाबदल नीट न जुळता केली, की एका बाजूला प्रती वाढतात, दुसरीकडे कमी होतात, निवड फारशी आड आली नाही तर ढीग वाढतच जातो. जागा असली की घरात अडगळ साठते, तिला कोणी मुद्दाम जपलेलं नसतं.
आणि तुमच्याच ट्रायबोलियमकडे बघा. कॅस्टेनियम आणि त्याच वंशातली फ्रीमॅनी ही जात इतके जवळचे की त्यांचा संकर होतो, पिल्लं वांझ निघतात ते वेगळं. पण फ्रीमॅनीचा मुख्य सॅटेलाइट १६६ अक्षरांचा, मजकूरही निराळाच, आणि तोही जीनोमचा तीसेक टक्के. या अक्षरांना काही काम असतं तर सख्ख्या नातेवाइकात ती अशी सरसकट बदलली असती का?

ढालपंख
बदललीत हे खरं, पण कुठून आली ते सोडून दिलंत तुम्ही. पॅलोरस या भुंगेऱ्यांच्याच दुसऱ्या वंशावर १९९८ मध्ये क्रोएशियातल्या गटाने काम केलं, मेश्त्रोविच, प्लोल, उगार्कोविच वगैरे. प्रत्येक जातीत मुख्य सॅटेलाइट वेगळा, पण जरा खोल शोधलं तर बाकीच्या जातींचे सॅटेलाइटही त्याच जीनोममध्ये थोड्या प्रतींत पडलेले सापडले. म्हणजे नवीन काही जन्मलं नाही, सामायिक साठा होता, एका जातीत यातला एक फुगला, दुसऱ्या जातीत दुसरा. लायब्ररी हायपोथेसिस म्हणतात ती हीच.
आणि खरी गंमत पुढे आहे. त्यातला प्रॅट नावाचा सॅटेलाइट पॅलोरसपासून ५-६ कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या पिमेलिया या भुंगेऱ्यांच्या वंशातसुद्धा जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. कोणी जपत नसेल तर इतक्या काळात अक्षरं घासून जायला हवी होती ना?

शंकेखोर
होमोजनायझेशन. जीन कन्व्हर्जनने, म्हणजे एका प्रतीवरून दुसरी दुरुस्त होऊन, प्रती एकमेकींसारख्या होत राहतात, डोव्हरने १९८२ मध्ये यालाच मॉलिक्युलर ड्राइव्ह म्हटलं. निवड कशाला हवी?

कोषातली_अळी
थांबा थांबा, इथे घोळ होतोय. होमोजनायझेशनने एका जातीच्या आतल्या प्रती सारख्या राहतात, दोन जातींमधल्या नाही. फाटाफूट झाल्यावर दोन्हीकडे प्रती आपापसात सारख्या होतील, पण वेगवेगळ्या दिशेने जातील. उलट दोन जातींमधला फरक त्यानेच लवकर पक्का होतो. त्यामुळे प्रॅटच्या बाबतीत शंकेखोर, तुमचं उत्तर लागू पडत नाही. निवड नको असेल तर बदल फारच हळू झाला हे तरी दाखवावं लागेल.
पण ढालपंख, तुमचाही मुद्दा सुटत नाही. प्रॅटची अक्षरं जपली गेली असं मानलं तरी कॅस्टेनियमला टीकास्टच्या लाखभर ते दोन लाख प्रती का लागतात याचं उत्तर त्यातून मिळत नाही. अक्षरं कोणती आणि ढीग केवढा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि या सगळ्या वादात लोक एकाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवतात.
माझं मत विचाराल तर ढिगाचं काम रचनेचं असावं. २०२० मध्ये कॅस्टेनियममध्ये सेंट्रोमिअरची खूण असणारं सेनएच३ प्रोटीन कुठे बसतं ते पाहिलं, तर सेंट्रोमिअर क्रोमोसोमच्या जवळपास ४० टक्के लांबीवर पसरलेला निघाला, आणि खाली सगळा टीकास्ट. एवढा लांबलचक सेंट्रोमिअर असेल तर त्याला पाया लागणारच.

शंकेखोर
किंवा पाया होता म्हणून सेंट्रोमिअर पसरला. कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

ढालपंख
बरं मग हे घ्या. कॅस्टेनियमला उष्णतेचा ताण दिला की जनुकांजवळ विखुरलेल्या टीकास्टच्या तुकड्यांवर एच३के९ मिथिलेशन (जनुकं बंद ठेवणारी रासायनिक खूण) वाढतं आणि शेजारची जनुकं दबतात, २०१५ चा पेपर आहे. याला काम नाही म्हणायचं?

शंकेखोर
परिणाम म्हणायचं. हृदय आवाज करतं म्हणून आवाज करणं हे त्याचं काम ठरत नाही. आणि तुम्ही दाखवताय ते जनुकांजवळचे सुटे तुकडे, वाद सेंट्रोमिअरजवळच्या ढिगाचा चाललाय.

कोषातली_अळी
+१, निदान शेवटच्या वाक्याला. तसं बघितलं तर या ढिगाबद्दल बोलायला इतकी वर्षं साधनंच नव्हती. २००८ मध्ये कॅस्टेनियमचा जीनोम जाहीर झाला त्यात टीकास्ट जेमतेम दिसायचा, यंत्र डीएनए छोट्या तुकड्यांत वाचायचं, आणि अशा छोट्या वाचनांतून एकसारखे तुकडे जुळवताच येत नाहीत, कुठला कुठे बसतो कळणार कसं. नॅनोपोर या नव्या तंत्राच्या लांब वाचनांनी त्याच भुंगेऱ्याच्या नकाशात सुमारे साडेचार कोटी अक्षरांची भर पडली, बहुतेक सगळी पुनरावृत्तीचीच. सेंट्रोमिअर मात्र अजून पूर्ण जुळलेले नाहीत.

शंकेखोर
मग माझी अट सरळ आहे. एकाच जातीच्या वेगवेगळ्या वाणांत टीकास्टच्या प्रती मोजा. कमी प्रतींच्या वाणात क्रोमोसोम वाटपात चुका वाढलेल्या दिसल्या तर मी गप्प बसतो.

ढालपंख
आणि नाही दिसल्या तर "मोजणी चुकली" असं मी म्हणणार नाही, पण ताण न देता मोजलं असेल तर मात्र हरकत घेणार. साध्या तापमानात सगळेच भुंगेरे ठणठणीत असतात.