कंपनी चालवलेली बाई निवडणुकीत का हरते?

निशिगंधा:
माझ्या जुन्या बॉस सीईओपद सोडून निवडणुकीला उभ्या राहताहेत. प्रचाराचं नियोजन बघशील का, असं मला विचारलंय. आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, माणूस म्हणून पूर्ण विश्वास आहे. पण उदाहरणं बघितली की धडकी भरते. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे कंपनीच्या माजी सीईओ मेग व्हिटमन आणि संगणक बनवणाऱ्या एचपीच्या माजी सीईओ कार्ली फिओरिना, दोघी २०१० साली एकाच दिवशी कॅलिफोर्नियात हरल्या. एक गव्हर्नरपदासाठी, दुसरी सिनेटसाठी. व्हिटमन यांनी तर पदरचे १४ कोटी डॉलर ओतले होते. एवढ्या कर्तबगार बायकांचं नेमकं कुठे चुकतं?

जुना वाचक:
व्हिटमन कित्येक वर्षं मतदानालाच गेल्या नव्हत्या, प्रचारात त्याची माफी मागावी लागली. तुमच्या मॅडम दरवेळी मतदान करतात का, हे आधी विचारून घ्या. बाकी कॅलिफोर्निया डेमोक्रॅट पक्षाकडे झुकलेलं राज्य आणि या दोघी विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या, सगळं खापर त्या दोघींवर फोडू नये.

सुमेधा_क:
मी मनुष्यबळ विभागात होते, म्हणून फिओरिनांबद्दल बोलते. त्यांच्या काळात एचपीने कॉम्पॅक ही दुसरी संगणक कंपनी घेतली आणि सुमारे ३०,००० नोकऱ्या गेल्या. सिनेटच्या लढतीत समोर असलेल्या बार्बरा बॉक्सर यांनी प्रचारात तेच धरून ठेवलं.

आमच्याकडे कपात झाली तेव्हा यादी मी केली होती. नाव, कर्मचारी क्रमांक, शेवटचा दिवस. बासष्ट ओळी. त्यातल्या एका गृहस्थांनी ओळखपत्राची नाडी त्याच्याभोवती नीट गुंडाळली, ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम खाली येणार आहेत का?" मॅडम आल्या नाहीत. कंपनी त्या कपातीमुळेच तगली, असं मला आजही वाटतं. पण त्या उद्या मत मागायला गेल्या, तर त्या घरात ताळेबंद कोणी काढणार नाही, त्या खाली आल्या नाहीत एवढंच निघेल.

निशिगंधा, तुमच्या मॅडमनी कपात केली असेल तर आधी त्या लोकांना भेटायला सांगा. कॅमेरा नको, कार्यकर्तेही नकोत.

पाऊलवाट:
मीरा सान्याल आठवल्या. २००९ मध्ये दक्षिण मुंबईतून अपक्ष लढल्या, हरल्या. मग रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचं भारतातलं प्रमुखपद सोडलं आणि २०१४ ला तिथूनच आम आदमी पक्षाकडून उभ्या राहिल्या. पुन्हा हरल्या. २०१९ मध्ये त्या गेल्या. पहिल्या पराभवानंतर बाई बँकेत रमून गेली असती तर कोणी नावं ठेवली नसती. ती परत आली, याचं मला फार अप्रूप आहे. तुमच्या मॅडमची दुसऱ्यांदा लढायची तयारी आहे का?

निशिगंधा:
सुमेधाताई, तुमचं वाचून काल रात्रीच मॅडमना फोन केला. आमच्याकडेही कपात झाली होती. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग एकेक करत अकरा नावं सांगितली, यादी न बघता. शनिवारी पहिल्या घरी जातोय, दोघीच. पाऊलवाट, तुमचा प्रश्न परतताना विचारते.