मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांचं मधल्या सुट्टीतलं खाणं

नमस्कार मंडळी. तुर्भ्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी नववीला शिकवते. दुपारचं सत्र, वर्गात ५८ मुलं. बहुतेकांचे वडील बिगारी कामासाठी नाक्यावर उभे राहतात, आया मार्केटला कांदा निवडायला जातात किंवा वाशीत धुणीभांडी करतात.

वर्गातली एक मुलगी आठवीपर्यंत खिचडीच्या रांगेत सगळ्यात पुढे असायची. यंदा डबाच काढत नाही. विचारलं तर, "बाई, आज उपास हाय." सोमवार होता, मला पटलं. मग गुरुवार, मग संकष्टी. परवा बुधवारीही तेच. "बुधवारी कसला गं उपास?" म्हटलं, तर खाली बघत म्हणाली, "आईनं धरायला लावलाय." सुट्टीभर ती नळापाशी होती. बाटली भरायची, प्यायची, परत भरायची.

शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणून मोफत पुस्तकंही आठवीलाच थांबतात. जूनमध्ये एकदम जेवण जातं, पुस्तकं विकत घ्यायची वेळ येते, आणि घरच्यांना पोर हाताशी आलेलं दिसतं. दरवर्षी नववीत माझी चार-पाच बाकं रिकामी होतात ती उगाच नाही.

आठवीत एनएमएमएसची (केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा देऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, आमची घरं त्यात सहज बसतात. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठाण्याला तहसीलमध्ये खेटे घालायचे, रेशनकार्ड गावाकडचं, भाडेकरार नाही, आणि प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. या मुलीचा फॉर्म त्यातच राहिला. हुशार आहे हो ती. आम्ही शिक्षकांनी वेळेवर मागे लागायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही.

आता विचारायचं ते असं. कुणाच्या शाळेत नववी-दहावीसाठी खाण्याची काही सोय चालू आहे का? पैसे कुठून येतात, रांधतं कोण, आणि मुख्य म्हणजे सुट्ट्या धरून वर्षभर टिकते का? मी लायब्ररीच्या कपाटात फुटाणे-गुळाचा डबा ठेवला होता, कुणीही घ्यावा असा. दोन आठवडे छान चाललं, पुढे माझ्याच्याने झेपेना. स्टाफरूममध्ये सुचवलं गेलं की गरजू मुलांची यादी करून ऑफिसात बोलावून खाऊ द्यावा. मला ते नको आहे. नाव पुकारलं गेलेली मुलं दुसऱ्या दिवशी शाळेतच येणार नाहीत.

दुसरं, दाखल्यांचं शिबिर शाळेतच, तेही रविवारी, कुणी भरवलंय का? अर्ज नेमका कुणाकडे करायचा? यंदाच्या आठवीचे दाखले तरी मला वेळेत काढून घ्यायचे आहेत.

भर: दोघा-तिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून मुलीचं नाव-पत्ता विचारला, थेट घरी शिधा पोचवतो म्हणाले. तुमची तळमळ कळते, पण पत्ता देणार नाही. तिने माझ्याकडे काही मागितलेलं नाही, उपास आहे एवढंच सांगितलंय. जे करायचं ते अख्ख्या वर्गासाठी करू या.