तळहातांच्या भेगा काजूमुळे की पाण्यामुळे?

वेंगुर्ल्याची: सहा वर्षं तळहातांना एक्झिमा आहे. आधी बारीक फोड येतात, मग साल सुटते, भेगा पडतात. माशांना मीठ-आगळ (कोकमाचा आंबट रस) लावताना जीव जातो. मार्च ते मे सगळ्यात वाईट, तेव्हा काजू फोडायचं काम असतं. पण पावसाळ्यातही पूर्ण जात नाही. कारण ओळखू कसं?

दापोलीकर: ताई, काजू, आंबा, बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल सोसत नसेल तर आंब्याच्या चिकानेही उठू शकतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करा, म्हणजे त्वचेला काय सोसत नाही ते कळेल. संशय असलेले पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवतात, पाठ भिजवायची नाही. म्हणून थंडीत करा, उन्हाळ्यात घामाने सुटतात.

माडाखाली: पावसाळ्यातलं कारण वेगळं असेल. भांडी, मासळी, हात सतत ओले. मी रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालते, हात पुसल्याबरोबर व्हॅसलीन लावते. रोज काय हाताळलं ते वहीत लिहा, फोड एक-दोन दिवसांनीही येतात.

वेंगुर्ल्याची: दापोलीकर, गेल्या मे महिन्यात माहेरी होते, काजूला हात नव्हता. रायवळ आंबे चोखले आणि ओठांभोवती पुरळ उठलं. मी उष्णतेचं समजले होते! वही आजपासून.