विषय: पुन्हा तेच – शनिवारी डेस्कटॉप की लॅपटॉप?

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,
शनिवारच्या प्रक्षेपणाला कुठलं यंत्र न्यायचं ते आज रात्रीपर्यंत नक्की करायचंय. मागच्या वेळी मध्यंतराआधीच चित्र अडकायला लागलं, तसं या वेळी चालणार नाही. डेस्कटॉपमध्ये आय५-४५९० प्रोसेसर, २०१४ चा. लॅपटॉपमध्ये आय५-८२५०यू, २०१७ चा. नव्याला आठ थ्रेड, जुन्याला चारच. तरी नवाच अडकतो, हे कसं?

---

प्रेषक: चित्रण गट

ताई, नाव दोघांचं आय५ असलं तरी जात वेगळी आहे. ४५९० ला ८४ वॅटची मुभा आहे. पंखा ठीक असेल तर चारही कोअर कामाला लागल्यावरही तो ३.३ गिगाहर्ट्झच्या खाली येत नाही, मग कार्यक्रम अडीच तास चालो की पाच.

८२५०यू चा मूळ वेग १.६. जाहिरातीतला ३.४ हा टर्बो, म्हणजे थोडा वेळ टिकणारा वाढीव वेग. त्याची कायमची मुभा १५ वॅट, आणि ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत मिळून. सुरुवातीला तो जास्त वीज ओढतो, साधारण २८ सेकंद, लॅपटॉप बनवणाऱ्यानं वेगळं ठरवलं नसेल तर. त्यानंतर १५ वर येतो आणि सगळे कोअर दोन-अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिरावतात. म्हणून पहिल्या मिनिटात सगळं छान दिसतं आणि नंतर ओबीएस, म्हणजे आपलं प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर, 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' म्हणतो: चित्र दाबायचं काम झेपत नाही.

आठ थ्रेड म्हणजे आठ कोअर नव्हेत. कोअर चारच, एकेकावर दोन कामं लावलेली. थोडा फायदा होतो, दुप्पट नाही. एक्स२६४ नं, म्हणजे प्रोसेसरवरच चालणाऱ्या एन्कोडरनं, १०८०पी एन्कोड करायचं असेल तर माझं मत डेस्कटॉप. 'व्हेरीफास्ट' प्रीसेट, ३० फ्रेम, ४५०० केबीपीएस सीबीआर (स्थिर बिटरेट), कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी.

---

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

> पंखा ठीक असेल तर

हेच विचारायचं होतं. तो ठीक आहे हे कुणी पाहिलं? मूळ कूलर असेल तर त्याच्या चार प्लास्टिकच्या खिट्या असतात आणि त्यातली एक सुटली की कूलर एका बाजूनं उचलला जातो. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की तोही वेग पाडतो, मग ८४ वॅटचा काय उपयोग? कूलर आणि प्रोसेसरमधली जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा, खिट्या समोरासमोरच्या जोडीनं दाबा. चारही 'टक्' वाजल्या पाहिजेत. बोर्डाच्या मागून बघितलं की खिटीची काळी टोकं पूर्ण बाहेर आलेली दिसतात.

आणि मिक्सरची यूएसबी केबल मागच्या ज्या पोर्टला आहे तिथेच राहील. ती कुणीही हलवू नये, आम्हाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती

काका, केबलचं मान्य. पण कॅमेऱ्याचं चित्र यंत्रात घेणाऱ्या कॅप्चर कार्डालाही मागचाच निळा पोर्ट लागतो. १०८०पी ३० फ्रेमचं न दाबलेलं चित्र सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट होतं, म्हणजे जवळपास १ गिगाबिट. यूएसबी २.० ची हद्दच ४८० मेगाबिट. पुढच्या काळ्या पोर्टात लावलं की कार्ड एमजेपेग, म्हणजे दाबलेलं चित्र, पाठवायला लागतं आणि ते उलगडायचं ओझं परत प्रोसेसरवर.

दुसरं, डेस्कटॉपवर अजून विंडोज १० आहे. त्याची नियमित सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि ४५९० विंडोज ११ च्या यादीत नाही. ८२५०यू आहे. प्रक्षेपणाचे पासवर्ड असलेलं यंत्र असं नेटवर बसवायला समितीची हरकत आहे.

---

प्रेषक: चित्रण गट

हरकत रास्त आहे, पण ती नेहमीच्या वापराची. कुठलं यंत्र चित्र ओढतं हा प्रश्न वेगळा.

आधीच्या मेलमध्ये एक राहिलं. लॅपटॉपवर एक्स२६४ चा हट्टच कशाला? त्याच्या यूएचडी ६२० ग्राफिक्समध्ये एन्कोडिंगचं वेगळं सर्किट आहे, क्विक सिंक. ओबीएसमध्ये सेटिंग्ज, आउटपुट, एन्कोडरमध्ये 'क्विकसिंक एच.२६४' निवडा. कोअरवरचं बरंचसं ओझं उतरतं आणि १५ वॅटमध्ये काम बसतं. चित्राचा दर्जा 'व्हेरीफास्ट'च्या आसपास राहतो. अपलोड १० मेगाबिटच्या वर टिकत असेल तर ६००० केबीपीएस ठेवा.

मात्र रॅम बघा. डीडीआर४-२४०० ची एकच पट्टी असेल तर मेमरीचा वेग सेकंदाला १९.२ गिगाबाइट. डेस्कटॉपच्या डीडीआर३-१६०० च्या दोन पट्ट्यांना २५.६ मिळतो. म्हणजे इथे जुनाच पुढे! ग्राफिक्सही त्याच मेमरीवर जगतं, त्यामुळे दृश्य बदलताना झटके बसतात. दुसरी पट्टी टाकली की ३८.४.

कार्यवाहताई, मागच्या वेळची ओबीएसची लॉग फाइल मिळेल का? तीन आकडे वेगवेगळे वाचा. एन्कोडिंगच्या विलंबामुळे 'वगळलेल्या' फ्रेम, रेंडरिंगमुळे 'हुकलेल्या' आणि नेटवर्कमुळे 'गळलेल्या'. पहिला मोठा असेल तर प्रोसेसर, दुसरा असेल तर ग्राफिक्स किंवा मेमरी. तिसरा मोठा असेल तर यंत्राचा दोष नाही, सभागृहातल्या जोडणीचा.

---

प्रेषक: कार्यवाह

लॉग पाहिला. वगळलेल्यांचा आकडा मोठा आहे, बाकी दोन जवळपास शून्य. एन्कोडर एक्स२६४ च होता. लॅपटॉपमध्ये पट्ट्या दोन आहेत.

मग लॅपटॉप नेऊ या, क्विक सिंकवर. डेस्कटॉप पंखा तपासून राखीव म्हणून सोबत असेल.

---

प्रेषक: चित्रण गट

चालेल. गुरुवारी चाचणी घ्या, पण पाच मिनिटांची नको. कॅमेरा हलता ठेवून ४० मिनिटं रेकॉर्ड करा. स्थिर चित्र सहज दाबलं जातं, त्यातून काही कळत नाही. चार्जर लावलेला, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर, लॅपटॉप टणक पृष्ठभागावर, खालची जाळी मोकळी. शेजारी एचडब्ल्यूइन्फो (यंत्राची वीज आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा ठेवा. 'सीपीयू पॅकेज पॉवर' १५ ला चिकटून राहिली आणि वगळलेल्या फ्रेम वाढू लागल्या, तर ७२०पी वर उतरा.

---

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

लॅपटॉप असेल तर मिक्सरचा ड्रायव्हर त्यावर आधी टाकावा लागेल. गुरुवारी चाचणीच्या अर्धा तास आधी यंत्र आमच्याकडे द्या. आवाजाचा सॅम्पल रेट दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ, ओबीएसमध्ये ४४.१ राहिला असेल तर तोही बदला.