खाली येणाऱ्या वक्राचा 'चढ' वाढतो?

वक्ररेषा: अकरावीसाठी मराठीत टिपणं लिहितेय. दहावीच्या पुस्तकात रेषेचा 'चढ' (slope) आहे, म्हणजे क्ष एकाने वाढला की रेषा किती वर जाते तो आकडा; म्हणून वक्रालाही तोच शब्द घेतला. वक्राचा एखाद्या बिंदूपाशी चढ म्हणजे तिथे त्याला टेकणाऱ्या रेषेचा, स्पर्शिकेचा चढ. आता क्षच्या वर्गाचा आलेख घ्या. क्ष −२ असताना चढ −४, −१ ला −२, ० ला ०, १ ला २. म्हणजे चढ सतत वाढतोय, पण डाव्या बाजूला वक्र तर खाली येतोय! मुलं नेमकी इथेच अडतात. हे लिहायचं कसं?

पेठकर: 'उतार' लिहा. भूगोलात नदीचा, डोंगराचा उतारच असतो.

वक्ररेषा: मग वर जाणाऱ्या रेषेचा उतार धन म्हणू?

सासवडकर: दिवे घाट बघा. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली की तो चढ, आम्ही पुण्याला येताना उतार. रस्ता तोच. आलेख डावीकडून उजवीकडे वाचायचा हे ठरलं की ऋण चढ म्हणजे उतार.

निवृत्त मास्तर: परिभाषेत 'प्रवणता' आहे. तोच वापरावा.

पेठकर: प्रवण म्हणजे संस्कृतात मुळात उतरतं! आज तो शब्द भेटतो घाटातल्या 'अपघातप्रवण क्षेत्र' या पाटीवर.

वक्ररेषा: शब्द कुठलाही घ्या, माझा पेच चिन्हासकट किंमत आणि तीव्रता यांचा आहे. −४ चे −२ होताना किंमत वाढते, तीव्रता घटते. क्षच्या घनाचा आलेख तर चढतच राहतो, पण चढ −१ ला ३, ० ला ०, १ ला पुन्हा ३. 'चढ कमी होतो' वाचून मुलं वक्रच खाली वळवतात.

गवंड्याची लेक: 'ढाळ' का नको? न्हाणीघराची फरशी बसली की बाबा तांब्याभर पाणी ओतून बघायचे. पाणी जिथे थबकलं तिथे ढाळ कमी. तीव्रतेला याहून नेमका शब्द दाखवा.

निवृत्त मास्तर: ढाळ लागणे म्हणजे काय, ठाऊक आहे ना? वर्गात हशा होईल. पाठ्यपुस्तकाची भाषा निराळी हवी.

गवंड्याची लेक: हशा एक दिवस होईल, मास्तर. जो शब्द रोज कामाला येतो तो पुस्तकात चालत नाही, हे मला मुळीच पटत नाही.

पेठकर: ढळणे, ढाळणे, ढाळ. अश्रू ढाळतो तोच धातू.

वक्ररेषा: पण ऋण ढाळ कसा लिहू?

सासवडकर: आमच्याकडे शेताच्या उतारालाही ढाळच म्हणतात. बांध ढाळाला आडवा घालायचा, नाहीतर माती वाहून जाते.

निवृत्त मास्तर: तिथे 'उतारावरची जमीन' म्हणतात.

सासवडकर: सातबाऱ्याच्या भाषेत म्हणत असतील. बांधावर नाही.