नायट्रसचं किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून पॉवर वाढवणारं) घ्यायचंय, वेट की ड्राय?

२ लिटर टर्बो नसलेलं इंजिन आहे, इंटर्नल्स (पिस्टन, रॉड वगैरे) स्टॉकच, फक्त ट्रॅकवर चालवतो. ५० एचपीचा शॉट (म्हणजे तेवढी जास्तीची पॉवर) पुरे. ड्राय किट स्वस्त पडतंय, घेऊ का?

उत्तर १: ड्रायमध्ये नोझलमधून फक्त गॅस जातो, जास्तीचं पेट्रोल इंजेक्टरनेच द्यायचं, ते ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) नीट बसवणारा ट्यूनर असेल तरच त्या वाटेला जा, नाहीतर मिश्रण लीन झालं (पेट्रोल कमी पडलं) की पिस्टन वितळलाच म्हणून समज. वेट घे, त्यात गॅसबरोबर पेट्रोलही नोझलमधूनच जातं. नोझल थ्रॉटल बॉडीच्या जवळ लाव, लांब लावलं तर पेट्रोल इनटेकमध्ये साचतं आणि बॅकफायर झाला की प्लास्टिकचा मॅनिफोल्ड फुटतो.

उत्तर २: +१ वेट. पण किटपेक्षा सेफ्टीवर पैसे घाल भावा, फुल थ्रॉटल स्विच, ३००० आरपीएमखाली गॅस सुटूच नये म्हणून विंडो स्विच, आणि फ्युएल प्रेशर पडलं की सगळं बंद करणारा स्विच. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) साधारण २ डिग्री मागे, स्पार्क प्लग एक नंबर थंड.

प्रश्नकर्ता: बॉटल हीटर लागतोच का?

उत्तर २: हो, प्रेशर ९०० ते १००० पीएसआय पाहिजे, थंड बाटलीत ते मिळत नाही. आणि ब्लो टॉर्चच्या ज्योतीने बाटली तापवणारे महाभाग असतात, त्यांच्या शेजारी उभा पण राहू नको 😅